केंब्रिज स्टेशन, सकाळी सात

६ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी आकाशकंदील खाली येईना, म्हणून मी दोनदा बोलले. आज उल्हास शिडीवर चढला आणि कंदिलाच्या आधी तोच खाली आला. उजवा घोटा मोडलाय. नाताळपर्यंत प्लास्टर, आणि ते निघाल्यावरही हिवाळाभर बर्फावर पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरणीने बजावलं. पहिला भाग त्याने शांतपणे ऐकला. दुसऱ्या भागाला त्याचा चेहरा असा पडला की डॉक्टरणीने विचारलं, फार दुखतंय का.

दुखत नव्हतं. बर्फ कोण मोजणार, ही काळजी होती.

हे सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढे कधी वाचलं तर मलाच खरं वाटणार नाही. उल्हास आणि त्याचे मित्र मिळून 'बर्फवेडे' नावाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप चालवतात. इथे कॅनडात केंब्रिजला उल्हास, स्कारबरोला राल्फ, कॅल्गरीला संजय. प्रत्येकाच्या परसात पांढरी रंगवलेली प्लायवुडची फळी मांडलेली असते. सकाळी सातला फळीवरचा बर्फ स्टीलच्या पट्टीने तीन ठिकाणी मोजायचा, सरासरी ग्रुपवर टाकायची आणि फळी झाडून परत मांडायची. याला ते 'स्टेशन' म्हणतात. पन्नाशीला टेकलेले, ओलांडलेले इंजिनियर आहेत सगळे.

बायका त्या ग्रुपमध्ये नाहीत. कुणी मनाई केली नाही, कुणी विचारलंही नाही. आमचा वेगळा ग्रुप आहे, 'शेकोटी'. तिथे आम्ही थंडीला शिव्या घालतो.

९ नोव्हेंबर

आज बर्फवेड्यांची व्हिडिओवर बैठक झाली. उल्हास सोफ्यावर, पाय उशीवर, फोन फुलदाणीला टेकवलेला. मी समोरच मेथी निवडत होते.

राल्फचं म्हणणं, केंब्रिज स्टेशन या वर्षी बंद ठेवावं. एका मोसमात एकच हात मोजणार हा नियम आहे, हात बदलला की आकड्यांना अर्थ राहत नाही. संजय म्हणाला, मोसम अजून सुरू कुठे झालाय, वहिनींना विचार. त्यावर सगळे हसले. राल्फ रेवदंड्याचा, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू. चाळीस वर्षं कॅनडात काढून त्याची मराठी अजून खाडीकाठचीच आहे. तो म्हणाला, "वैनी बर्फ मोजणार? वैनी खिडकीचा पडदा तरी सरकवते काय जानेवारीत?"

मी तोंड उघडायच्या आत उल्हास म्हणाला, "तिला नका यात ओढू. तिला थंडीचा त्रास होतो."

माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी म्हटलं, "मी मोजीन."

मग राल्फने सूचना दिल्या. फळीवर हात फिरवायचा नाही, पट्टी सरळ धरायची, भाकरी थापतो तसं दाबायचं नाही. मी म्हटलं, भावजी, पोळीची जाडी तीन ठिकाणी सारखी हवी हे मला नागपूरला आईने शाळेत जायच्या आधी शिकवलंय, आणि पट्टीशिवाय. संजय कॅल्गरीत इतका हसला की त्याचा फोन पडला.

उल्हास मात्र हसला नाही. रात्री जेवताना म्हणाला, अजून नाही म्हणू शकतेस.

१६ नोव्हेंबर

पहिला बर्फ.

सातला परसात गेले. फळी सापडावी म्हणून तिच्या कडेला आमच्या लेकीची, ईशानीची, मोडकी हॉकी स्टिक रोवली आहे. तीन सेंटिमीटरही नाही, पण फळीवर एक पाऊल नाही, एक पान नाही. पट्टी आत जाताना अगदी बारीक आवाज होतो, रवा चाळताना होतो तसा. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे.

इथे तरी खरं लिहावं. मला बर्फ आवडतो. पहिल्या हिवाळ्यापासून आवडतो. बर्फ पडला की सगळ्यांनाच उशीर होतो आणि कुणी कुणाला बोल लावत नाही. क्लिनिकच्या रिसेप्शनवर अर्ध्या अपॉइंटमेंट रद्द होतात आणि उरलेले पेशंट दात विसरून बर्फावर बोलतात. त्या दिवशी माझ्याकडून कुणाची काही अपेक्षाच नसते. पहिल्या वर्षी एका हळदीकुंकवाला मी हे बोलून गेले होते. सगळ्या हसल्या, म्हणाल्या, थांब, बर्फ काढायचं शोव्हल हातात येऊ दे. तेव्हापासून मीही इतरांसारखी कुरकुरते. कुरकुरलं की लगेच बायकांत जागा मिळते. इतकी वर्षं केल्यावर ती सवयच झाली आहे, कांदा चिरताना नाक ओढावं तशी.

वारा बोचरा होता. माझ्या डोळ्यांना वाऱ्याने धार लागते, पूर्वीपासूनच. नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर सायकल दामटली की कॉलेजात पोचेपर्यंत गाल ओले. तसेच डोळे पुसत आत आले तर उल्हास मागच्या खिडकीशी कुबड्यांवर उभा. एका पायावर लंगडत जाऊन त्याने माझ्यासाठी चहा टाकला. आलं घालायलाही विसरला नाही. घोटा मोडल्यापासून माणूस मवाळ झालाय.

२८ नोव्हेंबर

व्हँकुव्हरहून ऑफर आली.

उल्हासने मला जेवणानंतर सांगितलं. बॅटरीच्या गाड्यांची एक लहान कंपनी आहे, तिथे डिझाइनचा मुख्य म्हणून बोलावतायत. ऑगस्टमध्ये त्याने सहज अप्लाय केलं होतं म्हणे. जानेवारी संपायच्या आत सही करून द्यायची. ईशानी तशीही सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सिटीला जाणार, मग आपण दोघंच. हे सगळं सांगताना तो चष्मा पुसत होता. चार वेळा पुसला असेल.

"तिकडे बर्फ नसतो," तो म्हणाला. "वर्षातून एखाद दिवस. बाकी नुसता पाऊस."

मी त्याच्याकडे पाहिलं. हाच माणूस एप्रिलमध्ये शेवटचा बर्फ वितळला की दोन दिवस गप्प असतो. त्याला बर्फाविना राहायला चालणार असेल तर ते काम त्याला किती हवं असेल. पन्नाशीला येऊन कुणी मुख्य म्हणून बोलावतंय, ही काय लहान गोष्ट आहे?

मी म्हटलं, "जाऊ या की."

"खरंच? तुला बरं वाटेल ना तिकडे?"

"मला न वाटायला काय झालं," मी म्हटलं, आणि चांगली हसले. तोही हसला. मग आम्ही दोघं बराच वेळ टीव्ही बघत बसलो. काय चाललं होतं ते आता आठवत नाही.

३ डिसेंबर

फळीवर सतरा! मी तीन नाही, सहा ठिकाणी मोजलं. ग्रुपवर टाकलं आणि गदारोळ. विमानतळाच्या वेधशाळेचा आकडा अकरा. राल्फने लिहिलं की वैनीची पट्टी फळी चुकवून गवतात गेली. संजयने लिहिलं की कॅल्गरीत सतराला आम्ही धूळ म्हणतो, पण सतरा ते सतराच. राल्फने लिहिलं की बायका जिन्नस मोजताना हात सैल सोडतात, पाककृतीत एक वाटी म्हणजे सव्वा वाटी.

मी लिहिलं, भावजी, त्या सव्वा वाटीवरच तुम्ही तुमच्या पोटाचा घेर कमावलाय.

पाठवल्यावर पुन्हा दोनदा वाचलं. आजवर या माणसांशी मी अशी बोलले नव्हते. जेवण वाढताना बोलले असेन, पण तो विनोद पोळीबरोबर वाढलेला असतो, त्याची कुणी दखल घेत नाही. इथे सगळ्यांनी घेतली. राल्फने हसून लोळणाऱ्या माणसाचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं की मोठं वादळ आलं की मी स्वतः माझी पट्टी घेऊन केंब्रिजला येतो, तपासणीला.

उल्हासला वाचून दाखवलं. त्याला मजा वाटेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "अजून थोडेच दिवस सोसायचंय."

मला वाटतं त्याला बर्फाचा कंटाळा आलाय. पूर्वी हवामानाचा अंदाज मोठ्याने वाचायचा, आता फोन उलटा ठेवतो. भिंतीवरचा वायुभारमापक काढून त्याने जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात घातला. हातात बराच वेळ धरून बसला होता. वस्तू मार्गी लावण्याआधी माणूस असाच बसतो.

११ डिसेंबर

स्नोब्लोअर चालवला.

इतकी वर्षं ते यंत्र म्हणजे गॅरेजमधला उल्हासचा बैल होता, मी लांबूनच नमस्कार करायची. आज ईशानीने यूट्यूबवरून शिकवलं. पहिल्या फेरीत सगळा बर्फ शेजारच्या ड्राइव्हवेवर उडवला. शेजारी बाहेर येऊन उभा राहिला, मग आपलं फावडं घेऊन आला. दुसऱ्या फेरीत कारंजं नीट आमच्या हिरवळीवर पडलं. खांदे भरून आलेत आणि मी दिवसभर क्लिनिकमध्ये कारणाशिवाय खूश होते.

घरी आल्यावर लिआचा फोन आला. लिआ म्हणजे राल्फची बायको. तिला स्नोब्लोअरचं सांगितलं तर म्हणाली, गो, हे पुरुषांचं बर्फप्रेम म्हणजे काय सांगू. बर्फ त्यांचा आणि दारातल्या ओल्या बुटांची थारोळी आपली. मी विचारलं, तुला आवडतो का बर्फ? ती म्हणाली, हे मला आजपर्यंत कुणी विचारलंच नाही, थांब, विचार करून सांगते.

२० डिसेंबर

राल्फकडे जेवण होतं. हनुक्का या त्यांच्या दिव्यांच्या सणात तो सगळ्यांना बोलावतो. खिडकीत दिवे, बाहेर स्कारबरोचा काळा पडलेला बर्फ, टेबलावर लिआने केलेले बटाट्याचे वडे आणि नारळाच्या दुधातली मासळी. उल्हासचं प्लास्टर कालच निघालं. आता पट्ट्यांचा बूट आणि काठी आहे.

व्हँकुव्हरची बातमी सगळ्यांना कळली आहे. राल्फ दुखावलाय. तो म्हणाला, "जा बाबा, छत्री घेऊन जा," आणि आत निघून गेला.

बायकांमध्ये मला सगळ्या म्हणाल्या, सुटलीस. उल्हास पलीकडच्या खुर्चीतच बसला होता, सगळं ऐकू जात होतं. त्याला माझ्याकडून जड वाटू नये, म्हणून मी जरा मोठ्यानेच म्हटलं, "सुटले म्हणजे काय, आता माझी चार-चार स्वेटरं दान करून टाकणार आहे." सगळ्या हसल्या. मी त्याच्याकडे पाहिलं. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. बरं वाटलं. मग बाथरूममध्ये जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

लिआ दाराशीच होती. म्हणाली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. आवडतो. पण बाकीच्यांना सांगू नकोस.

२ जानेवारी

रोज थोडा थोडा बर्फ. पट्टीची मला आता इतकी सवय झाली आहे की क्लिनिकमध्ये पेशंटच्या फायलींच्या गठ्ठ्याची उंचीही मी डोळ्यांनी मोजते.

आज सकाळी ईशानी माझ्याबरोबर बाहेर आली. टोपी नाही, मोजे नाहीत, पायजम्यावर नुसता कोट. मी फळी झाडत होते. म्हणाली, "यू लव्ह धिस." मी म्हटलं, कुणीतरी करायला हवंच ना. तिने मोठा श्वास घेतला. "मॉम. जस्ट टेल हिम."

काय सांगू, विचारलं तर डोळे फिरवून आत गेली. बहुधा तिला मॉन्ट्रियालच्या युनिव्हर्सिटीला जायचंय आणि ते बाबाला मी सांगावं असं वाटतंय. बघते, सवडीने विषय काढीन.

उल्हास रोजच्यासारखा खिडकीत होता. हल्ली तो माझ्या आधी उठतो. मी आत आले की गरम पाण्यात बुडवून पिळलेला नॅपकिन हातात देतो, तोंड पुसायला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं त्याने कधी केलं नव्हतं. नव्या कामाच्या आनंदात माणूस किती प्रेमळ होतो.

१४ जानेवारी

संक्रांत. काळी साडी, वर काळा पार्का, खाली स्नोबूट. आरशात मी अस्वलासारखी दिसत होते.

हळदीकुंकू रथसप्तमीला करायचं ठरवलंय, रविवार आहे. या घरातलं शेवटचं. वाणाला काय लुटायचं यावर आठवडाभर विचार केला. प्लास्टिकचे डबे सगळ्यांकडे ढिगाने आहेत. आज क्लिनिकमधून येताना ऑफिस सामानाच्या दुकानात शिरले आणि स्टीलच्या पट्ट्या दिसल्या. तीस सेंटिमीटरच्या, शून्य अगदी टोकापासून सुरू होणाऱ्या. बर्फाला तशीच लागते, नाहीतर टोकाचा रिकामा भाग प्रत्येक वेळी हिशेबात धरावा लागतो. दुकानात होत्या तेवढ्या उचलल्या. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, शाळेत शिकवता का? मी म्हटलं, नाही, देवाधर्माचं काम आहे.

घरी आल्यावर वाटलं, हे काय करून बसले. सुटले म्हणून सगळ्यांना सांगितलंय आणि वाण बर्फाच्या पट्ट्यांचं. पिशवी कपाटात मागे ढकलली. डब्यांचं बघेन.

एक गोष्ट आज उगाच आठवत राहिली. पहिला हिवाळा, हेस्पेलर रोडचा बसस्टॉप. आमच्याकडे गाडी नव्हती, मी कोवळी नवरी, आणि समोरून पांढरं वादळ येत होतं. इतकं सुंदर मी काहीच पाहिलं नव्हतं. उल्हासने माझे दोन्ही हात धरले आणि अगदी गंभीरपणे काहीतरी म्हणाला. वारा, टोपी, वरून मफलर, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. काहीतरी चांगलंच असणार म्हणून मी मान डोलावली. काय म्हणाला होता ते विचारायचं राहूनच गेलं.

२४ जानेवारी

आज रात्रीपासून मोठं वादळ आहे, उद्या दिवसभर. हळदीकुंकवाच्या निम्म्या बायकांनी येत नाही म्हणून कळवलं. आणि राल्फ आला. सगळे वादळापासून लांब पळतात, हा स्कारबरोहून वादळाच्या दिशेने गाडी हाकत आला, विंटर टायरची तारीफ करत. बरोबर लिआ, तिळाच्या वड्या आणि मखमली कापडात गुंडाळलेली त्याची पट्टी. दोघं बेसमेंटमध्ये झोपणार आहेत.

जेवताना राल्फ पुन्हा सुरू झाला. बर्फाला संयम लागतो, बायकांना संयम नसतो. लिआ म्हणाली, "तीस वर्षं तुझ्यासोबत काढली, ती कशाच्या जोरावर?" राल्फने मुकाट्याने आणखी भात घेतला.

उल्हासची सही अजून व्हायची आहे. मी सहज विचारलं. म्हणाला, करतो, सोमवारी.

२५ जानेवारी, रथसप्तमी

सगळं नीट क्रमाने लिहिते.

सातच्या आधीच मी आणि राल्फ परसात गेलो. बर्फ मांडीपर्यंत, वरून पडतच होता, आणि वारा असा की श्वास घ्यायला पाठ फिरवावी लागत होती. हॉकी स्टिकचं फक्त टोक दिसत होतं. फळीवर मी माझी पट्टी घातली. ती पूर्ण बुडाली, वर बोटही उरलं नाही. माझी पट्टी तोकडी पडली. राल्फने मखमल सोडली, त्याची मीटरची होती. पहिल्यांदा त्याने मोजलं, मग मला दिली, मग दोघांनी आकडे सांगितले. दोन मिलिमीटरचाही फरक नव्हता.

राल्फने टोपी काढली. एवढ्या वाऱ्यात. म्हणाला, "वैनी, ते सतरा पण सतराच होते." आणि पटकन टोपी घातली, कारण त्याला टक्कल आहे.

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती. तेवढ्यात मागचं दार उघडलं. उल्हास. पट्ट्यांच्या बुटावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, काठी बर्फात रुतवत, राल्फच्या पावलांच्या खड्ड्यांतून आमच्याकडे येत होता. मी ओरडले की आत जा, डॉक्टरणीने काय सांगितलंय. तो थांबला नाही. अर्ध्या वाटेवर त्याचा चष्मा पांढरा झाला. त्याने तो काढून खिशात टाकला आणि तसाच आला.

"बास झालं हे," तो म्हणाला. "आत चल. रोज सकाळी बघतो मी. रोज रडत येतेस आणि एका शब्दाने बोलत नाहीस. मी आजच सही करतो."

मला काही कळेना. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं तर त्याच्याही दोन्ही गालांवर पाणी.

"उल्हास, तू का रडतोयस?"

"मी कुठे रडतोय," तो म्हणाला. "वारा लागतोय डोळ्यांना."

वारा सोडून सगळं थांबलं. त्याने बोटाने गाल पुसला, बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हा माणूस गेली सगळी वर्षं बर्फात चष्मा घालून उभा आहे. त्याच्या डोळ्यांना वारा कधी लागलाच नव्हता.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "तेव्हा बसस्टॉपवर..."

"वारा होता."

"मी तुला वचन दिलं होतं. एक दिवस तुला या बर्फातून बाहेर काढीन म्हणून. तू हो म्हणालीस."

"मला ऐकूच आलं नव्हतं."

राल्फ फळीवर वाकून पुन्हा मोजायला लागला होता, ज्याची काहीच गरज नव्हती.

"सगळाच वारा?" उल्हासने विचारलं. "थोडीसुद्धा रडली नव्हतीस?"

आईची आठवण आली असेल. पायांची बोटं बधिर होती. इतकं सुंदर दिसत होतं आणि दाखवायला कुणी नव्हतं, फक्त महिन्याभराच्या ओळखीचा नवरा. "थोडी असेन," मी म्हटलं. "तेव्हा पट्टी नव्हती माझ्याकडे."

मग मला ते विचारावंच लागलं, नाहीतर पुढची वीस वर्षं पुन्हा अशीच गेली असती. "पण ते काम तुला हवंय ना? खरं सांग. माझ्यासाठी सोडू नकोस."

"जयंती," तो म्हणाला, "तिथे पाऊस पडतो." आणि त्या एका वाक्यात इतकी शिसारी होती की राल्फ फळीशी बसल्या बसल्या हसायला लागला. रोज तो करार उघडतो आणि बंद करतो म्हणे, नोव्हेंबरपासून.

खिडकीत ईशानी उभी होती. तिने दोन्ही हात वर केले, एकदाचं, अशा अर्थाने. मॉन्ट्रियालचा प्रश्न नव्हताच तर तो.

दुपारी हळदीकुंकू झालं. लिआ, शेजारच्या गल्लीतली वनिता, आणि तिच्या जावेसकट बर्फ तुडवत आलेल्या आणखी तिघी. मी कपाटात मागे ढकललेली पिशवी काढली. प्रत्येकीला हळदकुंकू, तिळगूळ आणि एकेक स्टीलची पट्टी. वनिताने पट्टी उलटसुलट करून विचारलं, ही कशाला? मी सांगितलं. हेही सांगितलं की मला बर्फ आवडतो, पहिल्यापासून. मला वाटलं हसतील. वनिता म्हणाली, "अगं, मग इतकी वर्षं माझ्याबरोबर कशाला कुरकुरत होतीस? मला वाटायचं मी एकटीच नाटक करते." तिच्या जाऊबाई मात्र ठामपणे म्हणाल्या की त्यांना बर्फाचा खराखुरा तिटकारा आहे आणि पट्टी त्या पाठ खाजवायला वापरतील. ते योग्यच आहे.

२९ जानेवारी

व्हँकुव्हरला नम्रपणे नाही कळवलं. मध्ये दोन दिवस मी धास्तावले होते. पुढे कधी कामात मन रमेनासं झालं तर त्याला हे आठवेल का? विचारलं. तो म्हणाला, आठवेल, आणि मग मी खिडकीबाहेर बघीन. हे उत्तर पुरेसं आहे की नाही, ठरवता येत नाही. वायुभारमापक पुन्हा भिंतीवर लागलाय, थोडा तिरका.

बर्फवेड्यांत आता लिआ आणि वनिता आल्या आहेत. संजयने विचारलं, एका शहरात दोन स्टेशनं कशी चालतील? आज स्कारबरोचे दोन आकडे आले, एकाच परसातले, राल्फचा नऊ आणि लिआचा अकरा. राल्फने लिहिलं की कुंपणाकडे बर्फ साठतो. लिआने लिहिलं की तुझी फळी झाडाखाली आहे, गेली बारा वर्षं, मी कधी बोलले नाही. कॅल्गरीहून संजयने लिहिलं की मी आज सुट्टी घेतो, हे वाचायला वेळ हवा.

३१ जानेवारी

रात्रभर शांतपणे बर्फ पडला. सकाळी दार उघडलं तर परसात पायवाट तयार. दारापासून थेट फळीपर्यंत, एका फावड्याच्या रुंदीची, नागमोडी, मध्ये मध्ये काठी टेकल्याची भोकं. फळीला फावडं लागू नये म्हणून तिच्याभोवती हातभर बर्फ तसाच सोडलेला. डॉक्टरणीला हे कळता कामा नये.

उल्हास खिडकीत चहाचा कप घेऊन उभा होता, जणू त्याचा या कशाशी संबंध नाही.

फळीवर आठ सेंटिमीटर. मी मोजलं, झाडलं, फळी नव्या बर्फावर मांडली. आत आले तेव्हा त्याने गरम नॅपकिन पुढे केला आणि माझ्या ओल्या गालांकडे बघत विचारलं, वारा फार आहे का बाहेर?

मी हो म्हटलं. पण झाडाची फांदीसुद्धा हलत नव्हती, हे इथे नोंदवून ठेवते.